सव्वा पायलीचे रोडगे आणि वाघोबाचा डोंगर

रामटेकला जाणारे पुष्कळ. गाडीतून उतरतात, टांगा करतात, गड पाहतात आणि संध्याकाळी नागपुरात परत येतात. त्याच स्टेशनातून उलट्या दिशेला बैलबंडीनं तासभर गेलं की खैरी नावाचं गाव लागतं. त्याच्या पाठीशी सागाच्या झाडांनी भरलेला एक डोंगर आहे. तिकडे बाहेरचं कुणी जात नाही, कारण तिथं पाहण्यासारखं काही आहे असं कुणी सांगितलेलं नाही. खैरी माझ्या आईचं माहेर. लहानपणी मी त्या गावात कितीदा राहिलो, पण डोंगरावर पहिल्यांदा गेलो तो चौतिसाव्या वर्षी, आई, पत्नी, मुलगी आणि कुत्रा यांच्यासह. त्या एका दिवसाची ही हकिकत.

नागपूर

सुरुवात वांग्यापासून करावी लागेल.

आई बारा वर्षं वांगं खात नव्हती. घरात वांग्याची भाजी झाली की ती वरण आणि भाकर घेऊन बाजूला बसायची. आमच्याकडच्या माणसानं वांगं सोडणं ही लहान गोष्ट नाही. लग्न असो की तेरवी, पंगतीत दुसरं काही नसलं तरी चालतं, वांग्याची भाजी लागतेच. आम्ही समजत होतो की तिचे टोंगळे दुखतात (गुडघ्यांना ती टोंगळेच म्हणते), म्हणून हे पथ्य. माझी मुलगी मीना आठ वर्षांची झाली, तिनंही आजीचं पाहून वांगं तोंडात घ्यायचं नाकारलं.

त्या दिवाळीनंतर आईचे गुडघे दाखवायला तिला रामदासपेठेत डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी गोळ्या दिल्या आणि म्हणाले, "आजी, पथ्य काही नाही. वांगी-बिंगी सगळं खा. फक्त चढ-उतार कमी करा. पुढच्या वर्षी जिना चढणंही जड जाईल."

घरी आल्यावर पत्नी सुधानं मुद्दाम भरली वांगी केली. आईनं ताटातलं वांगं अलगद बाजूला काढलं.

"आता काहून वं आई?" सुधा म्हणाली. "डॉक्टरांनी सांगितलं ना, चालते म्हणून."

"ते टोंगळ्यासाठी नाही सोडलं," आई म्हणाली.

"मग?"

"याच्या बी.ए.साठी सोडलं."

 मग तिनं सांगितलं ते असं. मी बी.ए.ला पहिल्या खेपेला इंग्रजीत नापास झालो, तेव्हा ती खैरीला गेली होती. डोंगराच्या माथ्यावर वाघोबा आहे, शेंदूर लावलेला एक दगड. त्याच्यापुढं ती बोलली होती : पोरगा पास झाला तर माझ्या चुलीवर जेवणारं सगळं घर पायानं चढवून आणीन, सव्वा पायलीचे रोडगे करीन, एक कण खाली नेणार नाही. तोवर वांगं बंद.

दुसऱ्या वर्षी मी पास झालो. लकडगंजातल्या एका टालीवर दिवसभर लाकडं मापायची आणि संध्याकाळी कॉलेजात जायचं, असं करून मिळवलेली ती पदवी. आमच्या घराण्यात माझ्याआधी मॅट्रिकसुद्धा कुणी नव्हतं. नवसावर माझा विश्वास नाही. मी अभ्यास केला आणि पास झालो, असंच मी समजत आलो. पण मला अभ्यासाला बसवून स्वतः लोकांच्या घरी दळण-कांडण कुणी केलं, हेही मला ठाऊक आहे.

"बारा वर्षं सांगितलं काहून नाही?" मी विचारलं.

"तुले सुट्टी कुठं होती गा? नवी नोकरी, मग लगन, मग हे पोर. सांगून का करवून घ्या लागते असं?"

डॉक्टरांचं वाक्य माझ्या कानात होतं. पुढच्या वर्षी जिना चढणं जड जाईल. मी डिसेंबरातला एक रविवार ठरवला.

कॉलेजात असताना मी एन.सी.सी.त होतो. त्यामुळे वहीत वेळापत्रक लिहिलं, शिटी घेतली, कॅनव्हासचे बूट काढले. कोण कोण जायचं ते लिहिताना मी चार नावं लिहिली. आईनं विचारलं, "आन् डाक्या?"

डाक्या म्हणजे आमचा कुत्रा. बाकीची कुत्री पोस्टमनवर भुंकतात. हा तीन वर्षांपूर्वी पोस्टमनच्या मागं मागं चालत आमच्या दारात आला आणि पोस्टमन गेला तरी राहिला. तांबडा, एक कान पडलेला. त्याला सगळं घर एका जागी लागतं. एक जण जरी बाहेर असला तरी तो दारातच बसून राहतो.

"कुत्र्याला कशाला?" मी म्हणालो.

"माझ्या चुलीवरचं जेवते का नाही ते? मग बोललो ते बोललो." (आमच्याकडे बायाही 'बोललो'च म्हणतात.)

रेल्वेत कुत्र्याला माणसांच्या डब्यात बसता येत नाही. गार्डाच्या डब्यात एक पेटी असते, तिच्यात ठेवावं लागतं. डाक्या इतवारीपासून कन्हानच्या पुलापर्यंत रडला. मग आईनं प्रत्येक स्टेशनावर खिडकीतून डोकं काढून ओरडायला सुरुवात केली, "आहो गा डाक्या, आमी इथीच आहो." तेव्हा तो गप्प झाला. चौथ्या स्टेशनावर गार्ड स्वतःच आमच्या खिडकीकडे पाहून म्हणाला, "माँजी, आवाज दो, गाडी छोड़ना है."

खैरी

गणूमामानं बंडी पाठवली होती. गणूमामा आईचा चुलतभाऊ, तिच्याहून धाकटा, गावातला शब्दाचा माणूस. धानाची मळणी चालू होती. खळ्यावर बैल गोल गोल फिरत होते आणि हवेत भुसा उडत होता. नागपुरात आमच्या चाळीत पाहुणा आला की पहिला प्रश्न "चहा घेणार का" असा असतो. तिथं विचारलं, "पाय कुठं धुता?" आणि उत्तर यायच्या आधी पाणी पायावर पडलं.

मग गणूमामाची नजर डाक्यावर गेली.

"हे कोन?"

"घरचं आहे," आई म्हणाली.

"वर नाही चालत बाई. वाघोबाच्या डोंगरावर आजलोक कुत्रं गेलं नाही. वाघाले कुत्र्याहून गोड काही नाही. त्याले वाटन, नैवेद्य पाठवला."

खळ्यावरची माणसं हसली, पण गणूमामा हसत नव्हता. आईनं नवसाचे शब्द पुन्हा म्हणून दाखवले. चुलीवर जेवणारं सगळं घर.

"चुलीवर जेवणारी म्हणजे माणसं," गणूमामा म्हणाला.

"माणसं म्हटलं नव्हतं. घर म्हटलं होतं."

"तेव्हा हे होतं का?"

"तेव्हा सून होती का? नात होती का? मग त्याहीले खाली ठेवू का?"

मी कायद्याची भाषा ऑफिसात रोज वाचतो, पण यात कुठून शिरावं ते मला कळेना. मी म्हणालो, "मामा, मी डाक्याजवळ खाली थांबतो." दोघांनीही माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा एकमेकांकडे वळले. नवस माझ्या नावाचा होता, मी खाली थांबलो तर राहिलं काय?

गणूमामानं शेवटी तंबाखू मळता मळता निकाल दिला. वर, वाघोबाच्या ठाण्याच्या जरा खाली, दोन मोहाची झाडं आहेत. ती वाघोबाची शीव. तिथपर्यंत कुत्र्यानं चालावं. पुढं त्याचे पाय जमिनीला लागता कामा नयेत.

"मग कसं न्यायचं?" मी विचारलं.

"भाचे, तुमी बी.ए. ना?" मामा म्हणाला. "खांद्यावर."

त्यानं गोवऱ्यांचं पोतं आणि एक घोंगडी दिली. वर गेल्यावर कुत्र्याला घोंगडीवर बसवायचं, असं बजावलं. तो स्वतः मात्र येणार नव्हता. "आमी धान चुरून राहिलो. पाऊस नाही, वारा आहे, असा दिवस सोडता येत नाही."

इथं मला खरी काळजी लागली. सव्वा पायली म्हणजे आमच्याकडच्या मापानं चार किलोच्या वर पीठ. पत्र्याचा डबा काठोकाठ भरला होता. खाणारे तीन मोठे, एक लहान, आणि एक कुत्रा. एक कण खाली आणायचा नाही.

"आई, एवढं कोण खाणार? थोडं पीठ इथं ठेवू का?"

"धूर पाहून येतीन," आई म्हणाली. "रोडग्याच्या धुराले बलावणं नाही लागत."

मी खळ्याकडे पाहिलं. कुणी मान वर करायलाही रिकामं नव्हतं.

मधला कातळ

पायऱ्या नाहीत. गुरांची पायवाट आहे, तीही अर्ध्यात हरवते. साग, पळस, तेंदू, मध्येच बोरीची काटेरी जाळी. वाळलेल्या सागाच्या पानांवर पाय पडला की पापड मोडल्यासारखा आवाज येतो. मीनाला तो आवाज इतका आवडला की ती वाट सोडून पानांतूनच चालू लागली. मी दोनदा शिटी वाजवली. तिसऱ्यांदा सुधा म्हणाली, "ती शिटी खिशात ठेवा. पाखरं उडतात."

माझ्या खांद्यावर गोवऱ्या आणि घोंगडी, हातात पाण्याची कळशी, सुधाच्या डोक्यावर पिठाचा डबा, हातात भाजीचा गंज म्हणजे पातेलं, मीनाच्या पिशवीत पळसाच्या पत्रावळी, आईच्या कडेला वांग्यांची टोपली. ती टोपली तिनं कुणालाही दिली नाही. डाक्या पुढं पळे, वळून पाही, परत मागं जाऊन आईला हुंगून येई. आम्ही तो डोंगर एकदा चढलो, तो तीनदा चढला असेल.

अर्ध्या वाटेवर एक काळा, सपाट कातळ आहे. तिथून खिंडसीचा तलाव दिसतो, उन्हात ठेवलेल्या परातीसारखा. मीनानं संत्री सोलली. तिथं बसलेली आई मग उठेना. गुडघा आखडला होता. दोनदा उठली, दोनदा बसली. माझ्या बुटाचा तळही त्याच वेळी निघाला. सुधानं पोत्याची सुतळी काढून तो बांधून दिला, पण आईच्या गुडघ्याला बांधायला आमच्याकडे काही नव्हतं.

"मी पाठीवर घेतो," मी म्हणालो.

"पायानं म्हटलं होतं."

"मग इथंच करू रोडगे. वाघोबाला का कळत नाही, तुझे गुडघे दुखतात ते?"

"वाघोबाले कळन गा," आई म्हणाली. "मले बी कळन ना."

 माझ्या वेळापत्रकात या वेळी आम्ही माथ्यावर होतो. सुधानं आईचा गुडघा तिळाच्या तेलानं चोळला. ते तेल भाजीसाठी होतं. बराच वेळ गेला. डाक्या वर गेला होता, त्याला कुणी येताना दिसेना. तो परत आला, आईपुढं उभा राहिला आणि तिच्या छातीला डोकं लावून ढकलू लागला. घरी ती पाटावर जास्त वेळ बसली की तो असंच करतो.

"अरे, उठतो ना बाबा, उठतो. लई साहेब झाला तू," आई म्हणाली. तिनं त्याच्या मानेवर हात टेकला, दुसरा माझ्या खांद्यावर, आणि उभी राहिली. तिथून पुढं ती त्याच्या मानेला धरूनच चालली. तो एरवी एक जागी ठरत नाही. पण त्या चढावर तो तिच्या पावलाबरोबर पाऊल टाकत होता. हे मी डोळ्यांनी पाहिलं नसतं तर लिहिलं नसतं.

माथा

दोन मोहाच्या झाडांपाशी मी गोवऱ्या दुसऱ्या खेपेसाठी उतरवून ठेवल्या आणि डाक्याला खांद्यावर घेतलं. मेंढपाळ कोकरू घेतात तसं, पुढचे पाय एका बाजूला, मागचे दुसऱ्या. कोकरू गप्प राहतं. डाक्यानं माझा कान चाटला, चष्मा पाडला आणि शेवटच्या वीस पावलांत एकदा खाली उडी मारायचा प्रयत्न केला. मीना मागं हसून हसून बसली. मी असा, एका बुटाला सुतळी बांधलेला, चष्म्याशिवाय, कुत्रा खांद्यावर घेऊन वाघोबासमोर उभा राहिलो.

ठाणं म्हणजे एका आवळीच्या झाडाखाली गुडघ्याएवढा दगड. त्यावर शेंदराचे इतके थर की मूळ आकार कळत नाही. आई त्याच्यासमोर बसली. नमस्कार केला. मग लगेच पदर खोचला. "सुनबाई, पाणी."

रोडगे ज्यांनी खाल्ले नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. जाडं दळलेलं पीठ ओवा-मीठ घालून घट्ट भिजवायचं. त्याच्या तीन लहान चांदक्या, म्हणजे चपट्या चकत्या, एकावर एक ठेवून गोळा बांधायचा. गोवऱ्या पेटवून त्यांचा लाल निखारा झाला की त्यात हे गोळे पुरायचे. बाहेरून करपतात, आतून भाजतात. मग राख झटकायची, फोडायचे आणि तूप सोडायचं. सोबत वांग्याची भाजी. एकेचाळीस रोडगे झाले. मीनानं मोजले आणि मला सांगितलं, "बाबा, आपल्याला प्रत्येकी दहा येतात."

धूर सरळ वर गेला. आम्ही तिघं धुराकडे आणि खालच्या वाटेकडे पाहत राहिलो. कुणी आलं नाही. खळ्यावरचे बैल तसेच फिरत होते, वरून मुंग्यांसारखे. आईनं पहिला रोडगा वाघोबाला ठेवला, दुसरा घोंगडीवर बसलेल्या डाक्याला दिला. तिसरा उचलून माझ्या पत्रावळीवर ठेवला आणि पुन्हा वाटेकडे पाहिलं. नवस बोलणारी बाई सगळ्यांचं झाल्यावर शेवटी जेवते, अशी रीत आहे. मी चार खाल्ले. सुधानं तीन. मीनानं एक, तोही तुपासाठी. पोटात जागा उरली नाही आणि रोडग्यांच्या टोपलीत ढीग तसाच दिसत होता.

तेवढ्यात वानरं आली. दहा-बारा काळतोंडी वानरं आवळीवर उतरली आणि टोपलीकडे पाहू लागली. डाक्याला घोंगडीवरून उतरायची मनाई होती. तो उतरला नाही. पण त्यानं तोंड वर केलं आणि भुंकायला सुरुवात केली. थांबायचं नाव नाही. त्याचा आवाज समोरच्या टेकडीवर आपटून परत यायचा. मग त्याला वाटायचं की तिकडे दुसरा कुत्रा आहे, आणि तो दुप्पट भुंकायचा. मी तोंड धरलं, सुधानं रोडगा दाखवला, काही उपयोग झाला नाही.

"त्याले भुकू द्या," आई म्हणाली. तिचा आवाज थकलेला होता.

अर्ध्या तासानं खालून डबे वाजवल्याचा आवाज आला. मग माणसांचे आवाज. मोहाच्या झाडांपाशी पहिल्यांदा गणूमामा दिसला, हातात काठी, धापा टाकत. त्याच्यामागं खळ्यावरची सगळी माणसं, कुणाकडे कुऱ्हाड, कुणाकडे तेलाचा रिकामा डबा. त्यांच्यामागं गवत कापणाऱ्या पाच बाया, विळे घेऊन. आणि सगळ्यांत शेवटी खाकी कपड्यातले एक नाकेदार, म्हणजे जंगलखात्याचे शिपाई. त्यांना कुत्रं घेऊन कुणी शिकारीला आलं असं वाटलं होतं.

गणूमामानं घोंगडीकडे पाहिलं. डाक्या शेपूट हलवत होता.

"आहे ना हा जिता," मामा म्हणाला आणि मटकन खाली बसला. "आमाले वाटलं, वाघानं धरलं. या डोंगरावर कुत्र्याचा आवाज आमच्या जन्मात ऐकला नाही."

"धान सोडून आले काय गा?" आईनं विचारलं.

"मंग का करता? तुया घरचं म्हटलं ना तू."

नाकेदारांनी विस्तवाकडे बोट दाखवून विचारलं, इथं जाळ करायला कुणी सांगितलं? आईनं त्यांच्यापुढं पत्रावळ मांडली. "बसा. नवसाचं आहे. नाही म्हणता येत नाही." ते टोपी काढून बसले. चार रोडगे झाल्यावर म्हणाले की विस्तव विझवल्याशिवाय मी इथून जाणार नाही, आणि पाचवा घेतला.

मी आणि सुधा वाढत होतो. गवत कापणाऱ्या बायांनी सुधाला विचारलं, शहरात गोवऱ्या मिळतात का, मग तुमी रोडगे कशात भाजता वं? सुधा म्हणाली, करतच नाही. तेव्हा त्यातली एक म्हणाली, "मंग खाता का तिथं?" सगळ्या हसल्या. गणूमामानं आपला सहावा रोडगा डाक्यासमोर ठेवून हात जोडले.

ढीग उतरला तसा मला आनंद झाला, आणि मग भाजीच्या गंजात पळी खरवडल्याचा आवाज आला. वांगी संपली होती. रोडगा एक उरला होता, फक्त आईचा. मी गंज वाकडा केला. आत रस्सा होता, वांगं नव्हतं. बारा वर्षं थांबलेली बाई, आणि मी शेवटचं वांगं नाकेदारांना वाढलं होतं. मी आईकडे पाहिलं. तिनं आत पाहिलं होतं.

"असू दे गा. झालं ना पुरं," ती म्हणाली.

मग तिची नजर मीनाच्या पत्रावळीवर गेली. तिथं एक अख्खं वांगं देठासकट बाजूला सारलेलं होतं. एका कडेला दाताची खूण. चाखून टाकलेलं.

"हे काहून ठेवलं वं?"

"मला नाही आवडत."

"खाली कण न्यायचा नाही," आई म्हणाली. ती मीनाशेजारी बसली, पत्रावळ पुढं ओढली आणि नातीचं ते उष्टं वांगं रोडग्याबरोबर खाल्लं. सगळे पाहत होते. तिनं देठही चावून चावून चोखला.

गणूमामा म्हणाला, "कसं आहे बाई?"

"मीठ कमी पडलं," आई म्हणाली. भाजी तिनंच केली होती.

उतरताना डाक्याला मी मोहाच्या झाडांपर्यंत पुन्हा खांद्यावर आणलं. नाकेदारांनी विस्तवावर पाणी ओतलं, राख हातानं चाचपून पाहिली आणि गोवऱ्यांचं रिकामं पोतं स्वतः घेतलं. बैल सोडून आलेली माणसं पळतच खाली गेली. आम्ही मात्र आईच्या चालीनं उतरलो. ऊन कलत होतं आणि तलावाचा रंग संत्र्याच्या सालीसारखा झाला होता.

कातळापाशी मीनानं आजीचा हात धरला. "आजी, आपण इथं परत कधी यायचं?"

"तू बी.ए. झाली की."

मीनानं थोडा विचार केला. "मग तोपर्यंत तू काय सोडणार?"

आई थांबली. डाक्याच्या मानेवरचा हात तिनं काढला नाही.

"काही नाही," ती म्हणाली. "तू अभ्यास कर वं. मी वांगे खातो."